भिकबाळीपासून ग्रामगौरवापर्यंत

प्रौढ वयात विद्या संपादन करणाऱ्यांचा विषय निघाला म्हणजे मराठी मुलखात पहिले नाव आठवते ते रामशास्त्री प्रभुणे यांचे. न्यायनिष्ठुर पुरुष म्हणून शास्त्रीबुवा सर्वांस ठाऊक आहेत; परंतु ऐन तारुण्यात येईपर्यंत ते जवळजवळ निरक्षर होते, ही गोष्ट शालेय पुस्तकांत दोन ओळींत उरकली जाते. साताऱ्यानजीकच्या क्षेत्र माहुलीचा हा मुलगा साताऱ्यातील अनगळ सावकारांच्या घरी शागिर्दीस होता. आख्यायिका अशी सांगतात की, एके दिवशी धन्याच्या पायांवर पाणी घालीत असता त्याची नजर धन्याच्या कानातील मोत्यांच्या भिकबाळीवर खिळली आणि पाण्याची धार भलतीकडेच गेली. सावकारांनी विचारले तेव्हा त्याने मनातले बोलून दाखविले. त्यावर उत्तर मिळाले ते असे, की असले भूषण घालावयास अंगी विद्या असावी लागते, नाहीतर पराक्रम तरी. तो शब्द काळजाला लागला. वयाच्या सुमारे विसाव्या वर्षी रामशास्त्री काशीस गेले आणि बाळंभट्ट पायगुंडे यांच्यापाशी अध्ययन करून शास्त्री होऊन परतले. १७५९ साली ते पेशव्यांच्या दरबारी न्यायाधीशपदी बसले.

आख्यायिकेतील प्रत्येक शब्द खरा मानण्याचे कारण नाही. पण त्यातील मर्म विचार करण्याजोगे आहे. मूल शिकते ते आईबापांच्या धाकाने, गुरुजींच्या छडीने किंवा खाऊच्या आशेने. विशीच्या पुढचा माणूस शिकतो तेव्हा त्याच्या मनात दुसरेच काही चाललेले असते. आपल्या भोवतालच्या माणसांत आपल्याला मान नाही, ही बोच त्याला घराबाहेर काढते. तेव्हा प्रौढाला शिकते करावयाचे तर बक्षीस कोणते, ते कोणी द्यावे आणि केव्हा द्यावे, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. आपल्या महाराष्ट्राने गेल्या तीन शतकांत याची निरनिराळी उत्तरे देऊन पाहिली आहेत. ती वाचकांपुढे मांडावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

पहिले उत्तर श्रावणमासातील दक्षिणेचे. तळेगावच्या सेनापती दाभाड्यांच्या घराण्यात ही चाल सुरू झाली आणि पुढे पेशव्यांनी ती पुण्यास आपल्या हाती घेतली. दूरदूरच्या प्रांतांतून विद्वान ब्राह्मण पुण्यास येत; शास्त्रीमंडळी त्यांची परीक्षा घेत; ज्याची जशी विद्या तशी त्याची बिदागी ठरे. उत्तम विद्वानास शालजोडी आणि मोठी रक्कम, मध्यमास मध्यम. ज्यांची परीक्षा झाली नाही अशा हजारो याचकांस पर्वतीच्या पायथ्याशी असलेल्या रमण्यात कोंडून एकेकाच्या हातावर थोडेथोडके रुपये ठेवीत. या खात्यावर देखरेख करण्याचे काम रामशास्त्र्यांकडेही होते. ज्याने एका भूषणापायी काशी गाठली, त्याच्याच हाती विद्येची भूषणे वाटण्याचे काम यावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे. त्यांचीच दुसरी एक आख्यायिका आहे. त्यांचे बंधू दक्षिणेस आले असता नाना फडणविसांनी सुचविले की, शास्त्रीबुवांच्या बंधूस वीस रुपये द्यावेत. रामशास्त्री म्हणाले, यांच्या अंगी काही विशेष विद्या नाही, इतरांप्रमाणे दोन रुपये द्यावेत; भाऊ म्हणून जे द्यावयाचे ते मी माझ्या पदरचे देईन.

रामशास्त्र्यांस एक गोष्ट पक्की कळली होती. परीक्षा सुटली की बक्षीस हे बक्षीस राहत नाही, त्याचा धर्मादाय होतो. आणि घडलेही तसेच. पेशवाईच्या उत्तरार्धात विद्येच्या परीक्षेपेक्षा रमण्यातील गर्दीच वाढत गेली. दुसरे वैगुण्य तर मुळापासूनचे होते. ही दक्षिणा फक्त ब्राह्मणांसाठी होती. कुणबी, माळी, सोनार, शिंपी, महार, मांग यांच्यापैकी कोणी रात्र रात्र जागून अक्षरे गिरविली असती तरी रमण्याचे दार त्याला उघडणारे नव्हते. ज्या समाजात मानाचे दार एकाच जातीला उघडे असते, तेथे बाकीच्यांनी शिकावेच कशासाठी, असा प्रश्न त्या काळी कोणाला पडला नाही.

पेशवाई १८१८ साली बुडाली. एल्फिन्स्टन साहेबाने दक्षिणा एकदम बंद केली नाही, कारण लोक बिथरतील ही भीती होती. सालीना सुमारे ५०,००० रुपये त्याने या खात्यास ठेवले आणि १८२१ साली त्यातूनच पुण्याची संस्कृत पाठशाळा विश्रामबागवाड्यात सुरू झाली. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही तरुण सुधारकांनी सरकारास अर्ज केला की, या पैशाचा काही भाग मराठी भाषेत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा आणि तो देताना जात पाहू नये. लोकहितवादी गोपाळराव हरि देशमुख हे त्यांतील अग्रणी होते. शहरात मोठे वादळ उठले. अखेर १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मराठी ग्रंथांस बक्षिसे मिळू लागली. रानडे-भांडारकरांसारख्या पुढच्या पिढीच्या विद्वानांस दक्षिणा फेलो म्हणून नेमण्यात आले, तेही याच पैशांतून.

जोतीराव फुले यांचा या कमिटीशी आलेला संबंध मात्र वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखा आहे. मुलींच्या शाळा काढल्याबद्दल १८५२ च्या नोव्हेंबरात विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारने त्यांस शालजोडी अर्पण केली. जेथे पूर्वी वेदशास्त्रसंपन्नांचा सत्कार होई, त्याच शहरात एका माळ्याच्या मुलाच्या खांद्यावर शाल पडली. परंतु १८५५ साली त्यांनी 'तृतीय रत्न' हे नाटक दक्षिणा प्राइझ कमिटीकडे पाठविले तेव्हा ते नापसंत ठरले. शेतकऱ्याच्या अज्ञानाचा फायदा कोण कसा घेतो आणि शेवटी ते कुणब्याचे जोडपे रात्रीच्या शाळेत शिकावयास कसे निघते, असा त्या नाटकाचा विषय. कमिटीतील भटसभासदांपुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी पुढे 'गुलामगिरी'त लिहून ठेवले आहे. त्याच १८५५ साली त्यांनी व सावित्रीबाईंनी दिवसभर राबणाऱ्या स्त्रीपुरुषांसाठी रात्रीची शाळा काढली. म्हणजे नाटकात जे लिहिले तेच प्रत्यक्षात केले. त्या शाळेत येणाऱ्या मजूर-शेतकऱ्यांस ना दक्षिणा होती ना शालजोडी. सावकाराच्या कागदावर काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता यावे, हाच काय तो लाभ. आणि तो लहान म्हणता येणार नाही.

यानंतर बक्षिसाची एक वेगळीच तऱ्हा निघाली. शिकणाराऐवजी शिकविणारास पैसे द्यावयाचे, आणि तेही परीक्षेत किती पास झाले ते मोजून. हा शोध विलायतेचा. रॉबर्ट लो याच्या १८६२ च्या सुधारित नियमावलीने इंग्लंडातील शाळांचे अनुदान हजेरीवर आणि वाचन-लेखन-गणिताच्या परीक्षेवर टांगले. परिणाम असा झाला की, पोरे धडेच्या धडे तोंडपाठ करू लागली. शाळातपासनीस असलेला मॅथ्यू आर्नल्ड या पद्धतीवर सारखा टीका करीत राहिला, तरी ती मोडावयास शतकाचे अखेरचे दशक उजाडले. आपल्या मुंबई इलाख्यातही फलानुसार अनुदानाची ही रीत बराच काळ चालली. १९३८-३९ साली बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या वेळी साक्षरतेची मोहीम निघाली, मुंबई शहरात प्रौढ शिक्षणाची समिती झाली आणि नंतरच्या वर्षांत गावोगाव प्रौढांचे वर्ग निघाले. तेव्हाही दर साक्षर प्रौढामागे शिक्षकास अमुक रुपये, हा विचार सुटला नव्हता. शिक्षकांवर दोष ठेवण्याचा माझा हेतू नाही. मीही त्याच पेशातला. तुटपुंज्या पगाराच्या माणसाला डोकी मोजून पैसे दिले तर तो डोकी मोजील. सही करता आली की माणूस साक्षर, असा हिशेब मग आपोआप रूढ होतो. आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप, त्या प्रौढाच्या पदरी काय पडले? त्याच्या नावावर दुसऱ्याला बक्षीस मिळाले, एवढेच.

या सगळ्यास वेगळे उत्तर निघाले ते पुन्हा सातारा जिल्ह्यात, १९५९ साली. ग्रामशिक्षण मोहीम हे नाव आज तरुण मंडळींना अपरिचित असेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

भूमी तयार होती. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केल्यापासून चाळीस वर्षे या जिल्ह्यात शाळेचे बीज पेरले जात होते; त्यांच्या संस्थेने पाचशेहून अधिक खेड्यांत व्हॉलंटरी शाळा चालविल्या होत्या. बेचाळीसच्या प्रतिसरकारने खेड्यातल्या माणसाला एकत्र बसून निर्णय घेण्याची सवय लावली होती. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण याच जिल्ह्यातले. असे असूनही निरक्षरता भयंकर होती. १९६१ च्या शिरगणतीत सबंध महाराष्ट्राच्या लोकसंख्येपैकी लिहितावाचता येणारे जेमतेम ३० टक्के भरले, त्यावरून कल्पना यावी.

मोहिमेची खुबी अशी की, तिने व्यक्तीला बाजूस ठेवून गावाला विद्यार्थी मानले. सुमारे १४ ते ५० वर्षे वयाचा एकही स्त्रीपुरुष गावात निरक्षर उरता कामा नये, असा निश्चय सबंध गावाने सभेत करावयाचा. मग घरोघर फिरून यादी करावयाची. प्राथमिक शिक्षक, शाळेतील वरच्या वर्गातली मुले, चार बुके शिकलेला गावचा कोणीही, यांनी शिकवावयाचे आणि त्याबद्दल दमडी घ्यावयाची नाही. देवळात, चावडीवर, कोणाच्या सोप्यात, जेथे कंदील टांगता येईल तेथे वर्ग. बायकांचा वर्ग त्यांच्या सवडीने. तीनचार महिन्यांत अक्षरओळख, अंकओळख आणि सोपे वाचन साधावयाचे. पोरगा बापाला शिकवीत आहे, सून सासूला पाटीवर मुळाक्षरे काढून देत आहे, असली दृश्ये त्या वेळी घरोघर दिसत, असे आमच्या लहानपणी वडीलधारी मंडळी हसत हसत सांगत. सासवांना ते कितपत रुचले असेल, हा प्रश्न निराळा.

आणि शेवटी ग्रामगौरव समारंभ. गाव पूर्ण साक्षर झाले की तो दिवस सणासारखा साजरा करावयाचा. सडासंमार्जन, रांगोळ्या, तोरणे, वाजंत्री, मिरवणूक. बाहेरगावचे पाहुणे आणि अधिकारी यांच्यासमक्ष सभा. आणि त्या सभेत सर्व ग्रामस्थांनी शपथ घ्यावयाची की, आम्ही मिळविलेली साक्षरता टिकवू आणि पुढे कोणाला निरक्षर राहू देणार नाही. शाळेसाठी लोक आपखुशीने वर्गणी व सामान देत. म्हणजे पहा, बक्षीस घ्यावयाच्या दिवशी गाव उलट पदरचे देत असे! कोणाला पदक नाही, कोणाला बिदागी नाही. जो गौरव झाला तो नावाप्रमाणे गावाचा.

हे साधले कसे, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खेड्यातला प्रौढ माणूस वर्गात येत नाही तो आळसाने नव्हे. लाजेने येत नाही. मिशीला पीळ देणाऱ्या माणसाने पाटी घेऊन बसणे हे हसे करून घेणे वाटते. एकट्याला बक्षीस देऊ केले तर ती लाज अधिकच वाढते, कारण बक्षिसाला हात पसरला असे चारचौघांत दिसते. पण सारा गावच पाटी घेऊन बसला म्हणजे हसणारा कोणी उरत नाही. शिवाय जत्रेच्या कुस्त्यांत आणि लेझमीच्या डावांत शेजारच्या गावाशी जी चुरस असते, तीच चुरस अक्षरांकडे वळली. पलीकडच्या गावाचा ग्रामगौरव झाला आणि आपला राहिला, ही गोष्ट पाटलापासून तराळापर्यंत सर्वांना सारखीच झोंबली. पेशव्यांच्या दक्षिणेत ज्याला जागा नव्हती, तो येथे यादीतले आवश्यक नाव झाला. कारण तो राहिला तर गावचा समारंभच अडतो. वस्तीबाहेरच्या माणसाकडे जाऊन 'बाबा, तू शीक, तुझ्यावाचून आमचे अडले आहे' असे गावाने म्हणावे, ही गोष्ट आपल्या इतिहासात क्वचितच घडली असेल. तथापि या कौतुकाबरोबर एक शंकाही नोंदवितो. शेवटच्या दोनचार उरलेल्यांवर सबंध गावाचा रेटा पडे, तेव्हा ते शिकत होते की कशीबशी सुटका करून घेत होते? यादी पुरी करण्याची घाई झाली की रेट्याची सक्ती व्हावयास वेळ लागत नाही.

साताऱ्याचे यश पाहून पुढील चार वर्षांत मोहीम राज्यातील सर्व जिल्ह्यांत पसरली. योगायोगाने याच सुमारास पृथ्वीच्या दुसऱ्या टोकास असाच प्रयोग झाला. क्यूबा या बेटावर १९६१ साली शाळा-कॉलेजांतील मुलेमुली कंदील घेऊन खेड्यांत गेली आणि शेतमजुरांस शिकवू लागली. जे गाव निरक्षरतामुक्त होई तेथे तसा ध्वज उभारीत. आणि शिकणाराची शेवटची परीक्षा कोणती, तर त्याने स्वतःच्या हाताने देशाच्या पंतप्रधानास पत्र लिहावयाचे. २२ डिसेंबर १९६१ रोजी त्यांनी ७,०७,२१२ माणसे साक्षर झाल्याचे जाहीर केले. ती पत्रे हवाना शहरातील संग्रहालयात जपून ठेवली आहेत. तेथील राजवटीविषयी कोणाचे मत काहीही असो, पत्राची ही युक्ती मला फार आवडते. परीक्षा तीच आणि बक्षीसही तेच! ज्याला आयुष्यात कोणी विचारले नाही त्याचा शब्द देशाच्या प्रमुखाच्या नावे गेला.

ग्रामशिक्षण मोहिमेचे पुढे काय झाले हे सांगताना जड वाटते. १९६४-६६ च्या कोठारी आयोगानेही तिची दखल घेतली. पण साक्षर ठरलेली पुष्कळ माणसे काही वर्षांत पुन्हा निरक्षर झाली. शपथ घेतली होती, पण वाचावयास होते काय? पुस्तकांच्या पेट्या गावोगाव फिरवावयाच्या, ही कल्पना होती. ती पुरी पडली नाही. खेड्यात वर्तमानपत्र येत नव्हते, आले तर चावडीवर एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे. समारंभ इतका मोठा झाला की तो शेवटच वाटू लागला. तोरणे उतरली, शिक्षकांच्या बदल्या झाल्या आणि पाट्या माळ्यावर गेल्या. शेताला एकदा पाणी देऊन सुगीची वाट पाहत बसावे तसे झाले.

२ ऑक्टोबर १९७८ रोजी देशभर राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम सुरू झाला. तो प्रामुख्याने मानधनावरील केंद्रांचा असल्याने त्यात पुन्हा डोकी मोजण्याचा जुना रोग शिरला. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन स्थापन झाले आणि पुढल्याच वर्षी केरळातील एर्नाकुलम जिल्ह्याने सारा जिल्हा ढवळून काढला. ४ फेब्रुवारी १९९० रोजी तो देशातील पहिला पूर्ण साक्षर जिल्हा म्हणून जाहीर झाला. सबंध केरळ राज्य साक्षर झाल्याची घोषणा १८ एप्रिल १९९१ रोजी कोझिकोडे येथे झाली. राज्यपाल, मुख्यमंत्री यांच्याऐवजी ती घोषणा कोणाच्या मुखातून व्हावी? चेलकोडन आयेशा या मलप्पुरम जिल्ह्यातील नवसाक्षर बाईंनी ती केली. सन्मान द्यावयाचा तो असा द्यावा! तामिळनाडूत पुदुकोट्टई जिल्ह्याने आणखी निराळी वाट काढली. तेथे साक्षरतेच्या वर्गास येणाऱ्या बायकांना सायकल शिकविण्यात आली. शीला राणी चुंकत या जिल्हाधिकारी बाईंचा त्यास पाठिंबा होता. अक्षरे शिकली हे कोणाला दिसत नाही. पण शेतमजूर बाई सायकलीवरून बाजाराला निघाली, हे सारे गाव पाहते. महाराष्ट्रात सिंधुदुर्ग जिल्हा या अभियानात पुढे होता.

या अभियानात परीक्षेची रीतही बांधली गेली. तीन पुस्तिका, प्रत्येकीत चाचण्या, वाचन-लेखन-गणित या प्रत्येकात निम्मे आणि एकंदरीत ७० टक्के गुण मिळाले तर प्रमाणपत्र. १९९० नंतरच्या त्या दशकात आमच्या भागातील एका खेड्यात मी शिक्षक होतो आणि रात्रीच्या वर्गांची जबाबदारी मजकडे होती. त्या अनुभवातील दोन गोष्टी येथे नमूद करतो.

बायकांच्या वर्गात मी पहिल्या दिवसापासून हजेरी घेऊ लागलो. प्रत्येकीचे संपूर्ण नाव, तिचे, नवऱ्याचे आणि आडनावासह, मोठ्याने पुकारून. चौथ्या दिवशी एकजण उशिरा आली आणि हजेरी होऊन गेली म्हणून तिचा चेहरा उतरला. मी विचारले तेव्हा शेजारीण म्हणाली, "गुरुजी, तिचं नाव परत एकदा घ्या की. घरात तिला समदी अमक्याची आई म्हणूनच हाका मारत्यात." त्या दिवसापासून हजेरी वर्गाच्या आरंभी आणि अखेरीस अशी दोन वेळा घेण्याचा मी परिपाठ ठेवला. त्याने जी गर्दी टिकली ती शासनाने वाटलेल्या पाट्यांनी टिकली नसती.

दुसरी गोष्ट प्रमाणपत्रांची. परीक्षा झाली, निकाल लागला, आणि प्रमाणपत्रे आली ती तब्बल चौदा महिन्यांनी. ज्या कचेरीकडून ती आली तिचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. तेथे कामाचा डोंगर होता असे म्हणू. तोवर निम्म्या बायांचा उत्साह ओसरला होता. त्यात कित्येक नावे चुकलेली. एका चाळिशीतल्या बाईच्या नावातली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढली होती. मी ते कागद घाईघाईने वाटीत होतो, माझ्या लक्षात ते आले नव्हते. ती आपले प्रमाणपत्र डोळ्यांजवळ धरून बराच वेळ पाहत राहिली, मग उठून माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "हे माझं न्हाई. माझी वेलांटी हिकडं असती." सभेसाठी आलेले पाहुणे संकोचले, कागद परत पाठवून दुरुस्त करून आणू, असे कोणी म्हणाले. तिने माझ्या खिशातले पेन मागून घेतले, चुकीची वेलांटी खोडली, योग्य अक्षरावर काढली आणि प्रमाणपत्र घडी करून कनवटीला लावले. त्या दिवशी व्यासपीठावरून झालेले एकही भाषण मला आठवत नाही.

अलीकडे या विषयाकडे लोकांचे लक्ष पुन्हा वळले आहे. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातील फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी योगेंद्र बांगर या शिक्षकांच्या पुढाकाराने आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढील आज्या, गुलाबी नऊवारीचा गणवेष, पाठीला दप्तर. गणवेषात केवढी शक्ती असते पहा. ज्यांना लहानपणी शाळेची पायरी दिसली नाही त्यांना तो घातल्याबरोबर आपण शाळेत आहोत हे कोणी सांगावे लागत नाही. केरळातील कार्त्यायनी अम्मांनी २०१८ साली वयाच्या ९६ व्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत १०० पैकी ९८ गुण मिळविले. पुढे राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांस नारीशक्ती पुरस्कार मिळाला. २०२३ साली त्या निवर्तल्या. हे कौतुक योग्यच आहे. फक्त कधी कधी असे वाटते की, वर्तमानपत्रांना म्हाताऱ्या माणसाच्या हातातील पाटीची छायाचित्रे हवी असतात, आणि चाळिशीतला हमाल किंवा पन्नाशीतली मोलकरीण रात्री अभ्यास करते तिकडे कोणी फिरकत नाही. नवलाचा गौरव सोपा असतो, रोजच्या कष्टाचा अवघड.

२०२२ पासून केंद्र सरकारचा नवभारत साक्षरता कार्यक्रम चालू आहे. त्यालाच उल्लास असे नाव मिळाले. पंधरा वर्षांपुढील कोणासही त्यात प्रवेश आहे, शिकविणारे स्वयंसेवक आहेत, आणि १५० गुणांची परीक्षा उत्तीर्ण होणारास प्रमाणपत्र मिळते. या कार्यक्रमाखाली ३० मे २०२५ रोजी गोवा राज्य पूर्ण साक्षर झाल्याचे जाहीर झाले. घोषणा झाली तेव्हा मला साताऱ्याच्या तोरणांची आठवण झाली, आणि आता पुस्तकांच्या पेट्या कोणी भरून ठेवल्या आहेत काय, असे मनात आले.

आता आपल्या घरचे पाहू. आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात दहावी-बारावीस चांगले गुण मिळविणाऱ्या मुलामुलींचा दरवर्षी गुणगौरव होतो. श्रीफळ, प्रशस्तिपत्र, एखादे पुस्तक किंवा भिंतीवरचे घड्याळ देतात. त्या मुलांचे अभिनंदन असो. परंतु आपल्या ज्ञातीत गिरणी सुटल्यावर रात्रशाळेत बसून मॅट्रिक झालेले गृहस्थ आहेत; मुलांची लग्ने उरकल्यावर मुक्त विद्यापीठाची पदवी घेतलेल्या भगिनी आहेत; नातवाच्या पुस्तकावरून वाचावयास शिकलेल्या वृद्धाही आहेत. त्यांची नोंद आपल्याकडे कोठेही नाही. त्यांस वस्तू देण्याची गरज नाही. त्यांस व्यासपीठावर बोलावून संपूर्ण नाव पुकारावे आणि ज्याची इच्छा असेल त्याने सभेपुढे चार ओळी वाचून दाखवाव्यात. मात्र खरोखर शिकले असतील त्यांसच बोलवावे, कार्यकारिणीच्या नात्यागोत्यातील म्हणून नव्हे. रामशास्त्र्यांचे दोन रुपये तेवढ्यासाठी आठवावेत.

मी गेल्या वर्षी काही कुटुंबांत चौकशी केली, तेव्हा मजकडे अशी सात नावे आली. ती मी कार्यवाहांकडे दिली आहेत. त्यांपैकी एका गृहस्थांनी अशी अट घातली आहे की, आपले नाव स्मरणिकेत छापू नये, पण सभेत मात्र मोठ्याने घ्यावे आणि त्या वेळी आपल्या दोन्ही सुना समोर बसलेल्या असाव्यात. कार्यकारिणीने ही अट मान्य करावी, अशी माझी विनंती आहे.